पाहुणे आले बूट वाटायला

लक्ष्मीबाईच्या तोंडी लागायचं धाडस वस्तीत कुणी करत नाही. कन्नड तालुक्यातून लग्न होऊन संभाजीनगरला आली, नवरा लवकर गेला, तरी बाई डगमगली नाही. चिकलठाणा एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या घरात चूल मांडली, कंपन्यांतल्या पोरांना भाकरी थापून दिल्या, लेकाला आयटीआय केलं, पत्रा काढून स्लॅब टाकला. कुणापुढं हात पसरला नाही, अन् हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवतेच.

डिसेंबरात एका समाजसेवी संस्थेचा अभय आला. हा संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा इंग्रजीचा क्लास घेतो. परदेशातल्या एका शाळेची पोरं येणार, गरिबांच्या वस्त्या बघणार, लेकरांना बूट वाटणार, असं तो सांगून गेला. लक्ष्मीबाईनं त्यातलं एवढंच मनावर घेतलं, की लांबून लेकरं आपल्या घरी येणार. झालं! बाईनं पदर खोचला. पाहुणा तो पाहुणा, मग लेणी बघायला आलेला असो की आपली वस्ती. शेजारणींच्या सतरंज्या मागून आणल्या, दारात रांगोळी काढली, पहाटं उठून पुरण शिजवलं, कटाची आमटी केली. आठवीतल्या नातीला, श्रेयाला, नवा ड्रेस अन् दिवाळीचे सँडल घालायला लावले.

पाहुण्यांना घेऊन आलेल्या अभयनं दारातूनच हे सगळं बघितलं अन् कपाळाला हात लावला. मावशी, हे काय करून बसलात, म्हणाला. पाहुण्यांना गरिबी बघायचीय, अन् इथं फ्रीज दिसतोय, फरशी चमकतेय, पुरणपोळीचा घमघमाट सुटलाय. शिवाय त्यांना वस्तीतलं काही खायची परवानगी नाही, पोटं बिघडतात. एवढं बोलून तो पोरांचा घोळका घेऊन सरळ पुढच्या गल्लीत, पत्र्याच्या घरांकडं निघून गेला. गोरी पोरं वळून वळून सतरंज्यांकडं बघत होती.

लक्ष्मीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या हातचं खाऊन पोट बिघडतं? अर्ध्या एमआयडीसीनं ज्या हातच्या भाकरी खाऊन शिफ्टा काढल्या, त्या हातचं? पण पाहुण्यांदेखत तमाशा नको म्हणून तिनं राग गिळला. तिथंच बोलायला पाहिजे होतं खरं तर.

थोड्या वेळानं शेजारची मेघा सांगत आली, मारुतीच्या पारापाशी बूटवाटप चाललंय अन् श्रेयाबी रांगेत हाय. लक्ष्मीबाई तिथं गेली अन् थिजलीच. श्रेया अनवाणी उभी होती. सगळ्याच पोरी अनवाणी. त्यांच्या चपला, सँडल पाराच्या मागं ढीग करून टाकलेले. पायांना थोडी माती लावा, फोटोत हसू नका, अशी अभयची ताकीद होती. एक गोरी पोरगी गुडघ्यावर बसून श्रेयाच्या पायात बूट चढवत होती अन् त्यांची मास्तरीण मोबाईलवर फोटो काढत होती. श्रेयाची मान खाली. नातीची अशी खाली गेलेली मान लक्ष्मीबाईनं कधी बघितली नव्हती.

मग मात्र बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. मुडदा बशिवला तुझ्या फोटोचा, म्हणाली. चांगल्या घरच्या लेकराला अनवाणी करून भिकारी बनवतो व्हय रे? तुझ्या घरातली पोरगी उभी कर की अशी! अभयला तिनं असा उभा-आडवा घेतला की पारावरची म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. मास्तरणीनं घाबरून अभयला विचारलं, या काय म्हणताहेत? अभयनं घाम पुसला, हसला अन् इंग्रजीत काहीतरी बोलला. अन् मेली सगळी टाळ्या वाजवायला लागली! मास्तरणीनं तर छातीवर हात ठेवून मान लववली.

लक्ष्मीबाई चक्रावली. "काय सांगितलं गं यानं?"

"तू आभार मानतेस म्हणून," श्रेया पुटपुटली. "तुला गहिवरून आलंय म्हणून."

लक्ष्मीबाईचा आवाज एकदम खाली आला. तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट असतो, हे वस्तीला ठाऊक आहे. "मग आता तू सांग. मी बोलते तसंच. एक शब्द गाळायचा नाय."

श्रेयानं अभयकडं बघितलं. "आजी, सर मला क्लासला येऊ देणार नाहीत."

"नाय येऊ दिलं तर नाय. जेवढं शिकलीस तेवढं आज वापर." लक्ष्मीबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग त्यांना, आमच्यात चप्पल काढतात ती जेवायला बसताना. मागायला नाय. ज्याला भूक आसंल त्यानं माझ्या घरी यावं, बूट दाराबाहेर काढावं, हात धुवावं अन् पंगतीला बसावं."

श्रेया बोलली. अडखळली, शब्द शोधत थांबली, पण मान वर करून बोलली. टाळ्या बंद पडल्या. मास्तरणीनं मोबाईल खाली घेतला अन् अभयला काहीतरी विचारलं. तो आपला बस लागलीय, चला, चला, एवढंच म्हणत राहिला. गुडघ्यावर बसलेल्या त्या गोऱ्या पोरीनं श्रेयाच्या पायातला नवा बूट हळूच काढून बाजूला ठेवला. मास्तरीण नको-नको म्हणत तिच्याकडं धावली, पण पोरगी तिथंच बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडायला लागली होती.