चेहरा सोडून बारा फोटो

२६ एप्रिल १९६३, शुक्रवार. लेकीच्या लग्नाला गावी न्यायची ट्रंक मी सकाळी अंगणात काढून पुसत होते. कतारच्या दोहा शहरातल्या साऱ्या कॅमेरेवाल्यांत आमच्या शेजारच्या हंगेरीवाल्याइतके फोटो कुणी काढत नसेल, आणि मागितलेला फोटो त्याच्याइतका हमखास कुणी चुकवतही नसेल.

हा माणूस तेल कंपनीत फ्रिज दुरुस्त करायचा. फोटो काढायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका जुन्या पुस्तकावरून तो आपला आपणच शिकला, आणि पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली असल्यामुळे दिव्याच्या उजेडात फोटो निघतो यावर त्याचा विश्वासच नव्हता. ऊन मनासारखं पडेपर्यंत तो खांबासारखा उभा राही. एकदा कंपनीतल्या एका कतारी साहेबाने घरच्या दावतीचे फोटो काढायला बोलावलं, तर याने आणले दाराबाहेर काढलेल्या चपलांचे. वर म्हणाला, "सब मेहमान इधर है." कंपनीने टाकून दिलेला एक फ्रिज त्याने दुरुस्त करून आम्हाला आणून दिला, तो एका अटीवर: मधला कप्पा त्याचा. इथल्या उकाड्यात फोटो धुवायचं औषध गार ठेवावं लागतं म्हणे. तेव्हापासून माझ्या पापलेटांशेजारी त्याच्या बाटल्या. चुकून कुणी पिऊ नये म्हणून मी त्यांच्यावर लाल फुल्या मारल्या, तर त्याने फुल्यांचाही फोटो काढला. "येडा नाय गो तो, कलाकार हाय," आमचे हे म्हणायचे. ह्यांना म्हणायला काय जातं, फ्रिज पुसत होते मी.

तर, बोट पुढच्या आठवड्यात. माझा पासपोर्ट नवा करायचा होता आणि शनिवारी दुपारच्या आत ऑफिसात फोटो द्यायचा होता. बाजारातला फोटोवाला नेमका हजला गेलेला. फोटो नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर बोट नाही, आणि रत्नागिरीत आजीजवळ वाढलेल्या माझ्या एकुलत्या एका लेकीचा निकाह आईवाचून. चार वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. शेवटी नाइलाजाने शेजारी हाक मारली.

तो लगेच आला. मला स्टुलावर बसवलं आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "भाबी, रुको. लाईट अभी आता है." अर्धा तास झाला तरी लाईट काही येईना. रिकामी किती बसणार? मी सूप घेऊन तांदूळ निवडायला लागले. मग मात्र कॅमेरा भराभर वाजू लागला. मीही मधून मधून चेहरा वर करून दिला.

संध्याकाळी त्याने बारा फोटो आणले. सुपावरचे माझे हात. सुपाची सावली. दोरीवरचा टॉवेल. पाण्याच्या पिंपाच्या तोटीला लोंबणारा थेंब. चेहरा एकातही नाही.

"साहेब, पासपोर्ट पे हाथ चिपकाऊँ क्या?"

त्याने हातांचा फोटो लांब धरून पाहिला. "ये भी भाबी है."

"मेरी बेटी का शादी है. सरकार को मुँह मंगता."

त्याचा चेहरा उतरला. स्टुलावर बसला. म्हणाला, "मेरा मदर का फेस मैं भूल गया. सात साल हुआ. हाथ नहीं भूला." हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले तेव्हा देश सोडून पळताना याने बरोबर कॅमेरा आणला होता, आईचा फोटो नाही. मी चहा टाकला आणि सांगितलं, "कल सुबह छे बजे."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सूप, दोरी, टॉवेल, चपला, सगळं उचलून घरात नेलं. पिंपावर गोणपाट टाकलं. हात पदराखाली घेतले आणि स्टुलावर बसले. तो आला, मोकळ्या अंगणात चारी बाजूंना बघत राहिला. "भाबी, इधर तो कुछ नहीं है."

"चेहरा है. वो निकालो."

त्याने तो काढला. तो फोटो धुवायला गेला तेवढ्यात मी ट्रंक भरून टाकली. झाकण लावायच्या आधी लेकीसाठी घेतलेल्या कपड्यांच्या घडीत तो सुपावरच्या हातांचा फोटो ठेवला.