जिनिंग हॉलखालची राख

कामिनी नारखेडे दर शनिवारी पिशवीत स्मशानातली राख घालून धुळ्याच्या एका भगताकडे जाते, ही बातमी आमच्या गल्लीत आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून ओट्यावर आलो. अशा बातम्या गरम असतानाच ऐकाव्यात.

आणली होती शेजारच्या भिकुबाईंनी, आणि त्यांना मिळाली होती थेट उगमावर, म्हणजे कामिनीच्या सासूकडे, सुगंधाबाईंकडे. सुगंधाबाई पापड तळायला बसल्या. डबा उघडला तर आत राखेच्या पुड्या!

"काय वं हे?"

"राख आहे, आई. हॉलखालची. घट्ट झाकणाचा डबा तेवढा एकच होता."

"आन् माह्ये पापड?"

"ते पिशवीत काढून ठेवलेत."

सुगंधाबाईंना राखेपेक्षा पापड सादळल्याचं दुःख मोठं होतं, असं माझं मत. पण गल्लीनं राखच उचलली. कामिनीचा नवरा ललित मुळातच गरीब. बायकोनं नुसतं पाहिलं तरी चहा टाकतो. तो असा का, याचाही लोकांना एकदम उलगडा झाला.

आता ही कामिनी कोण, ते सांगतो. बोदवडकडची मुलगी, इथे जळगावात आर्किटेक्टच्या कॉलेजात शिकवते. लोक सुट्टीत लेणी पाहायला जातात, ही साठ-सत्तर सालच्या सिमेंटच्या इमारती पाहत हिंडते. कुठल्या बँकेचा जिना, कुठल्या ऑफिसची जाळी. कोणी आखली, कोणी बांधली, त्याआधी त्या जागेवर काय होतं, सगळं खणून काढते. "आमच्या संडासाची माहिती हवी का गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नाना, अडुसष्टच्या आधीचा असेल तर येते."

तिचा सगळ्यात जीव आमच्या जिनिंग सोसायटीच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या संस्थेच्या, हॉलवर. हॉल अडुसष्टचाच. छत घडीच्या पंख्यासारखं, मधे एकही खांब नाही. मी म्हटलं, यात काय एवढं? तिनं माझ्यासमोर साध्या कागदाला घड्या घातल्या, दोन पुस्तकांवर आडवा ठेवला आणि वर माझा चहाचा कप ठेवला. कागद वाकला नाही. मी मात्र चहा आधीच पिऊन घेतला होता.

मागे सोसायटीनं हॉलशेजारी मोरी काढायला खड्डा घेतला आणि आत राख लागली. मजुरांनी फावडी टाकली. "हॉल स्मशानावर बांधलाय," असं गावभर झालं आणि लग्नाची बुकिंगं बंद पडली. चेअरमन रुपचंदभाऊंना तेच हवं होतं. हॉल पाडायचा, जागा बिल्डरला द्यायची, असा ठराव त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे आणला.

कामिनीची झोप उडाली. तिच्या यादीतल्या दोन इमारती आधीच गेल्या होत्या. "नाना, मी मोजायला टेप घेऊन जाते आणि समोर जेसीबी उभा असतो," म्हणाली. तिनं जुना नकाशा आणला. स्मशान पहिल्यापासून नाल्याच्या पलीकडे, हॉलच्या जागी जिनचं आवार. रुपचंदभाऊ हसले. "बाई, नकाशा कागदाचा. राख खोटी का?"

मग हिनं राखेलाच साक्षीला बोलवायचं ठरवलं. भर दुपारी खड्ड्यात उतरून थरावार पुड्या बांधल्या. पापडाचा डबा त्यापायी गेला.

सभा हॉलमध्येच भरली. मी पहिल्या रांगेत. तमाशा मागून दिसत नाही. कामिनीनं भिंतीवर राखेची मोठमोठी छायाचित्रं पाडली.

"यात हाड एकही नाही," ती म्हणाली. "या काड्या आहेत पऱ्हाटीच्या, कापसाच्या. आणि हे बारीक काळं दिसतं ते बी आहे."

"कशाचं बी?" रुपचंदभाऊ गुरगुरले.

"वांग्याचं."

तेवढ्यात नशिराबादचे जीवरामआबा, सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद, मांडीवर थाप मारून उठले.

"अरे बापा! हे त आमचंच भरीत!"

आबांनी मग रंगवून सांगितलं. हॉल व्हायच्या आधी हिवाळ्यात कापसाच्या बैलगाड्या जिनपुढे रांगेत उभ्या राहायच्या, नंबर लवकर लागायचा नाही. गाडीवाले पऱ्हाट्या पेटवायचे, त्यावर वांगी भाजायचे. वर्षानुवर्षं, तिथेच.

"मग आबा, इतके दिस गप का बसला?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मले कोनी इचारलं? बठ्ठे स्मशान म्हने, मीबी घाबरू ऱ्हायलो व्हतो!"

असा हशा झाला की छताची खरी परीक्षा तेव्हाच झाली. खान्देशी माणसानं भरिताची राख ओळखू नये! वांग्यांना मढं समजून आम्ही त्या रस्त्यावरून जाताना हात जोडत होतो. ठराव मतास टाकला. पाडण्याच्या बाजूनं रुपचंदभाऊंचा एक हात वर गेला. तोही अर्धा, पाठ खाजवल्यासारखा. हॉल वाचला. लोकांनी कामिनीला खुर्चीवर उभं केलं. ललित मागे एकटाच उभा राहून टाळ्या पिटत होता, आणि भिकुबाईंच्या शेजारी बसलेल्या सुगंधाबाई ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगत होत्या, "माह्यी सून हाये बरं!"

त्या हंगामातला पहिला कार्यक्रम होता साखरपुडा, रुपचंदभाऊंच्याच नातीचा, डिंपलचा. हॉल सवलतीत मिळावा म्हणून भाऊंनी अर्ज केला होता. जेवणात भरीत-पुरी होती. मी तीनदा वाढून घेतलं.

राहिला तो भगत. धुळ्याला भगत नाही. एक प्राध्यापिका आहेत, तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे चांगला सूक्ष्मदर्शक आहे, आणि शनिवारी दुपारी त्यांना तास नसतो.