चाकाचा कान

आमच्या गावच्या मालकांनी माळशिरसकडून कुठून तरी एक जुना ट्रॅक्टर विकत आणला. त्याच्यामागं जोडायचं गवत कापायचं यंत्रही सोबत आलं. दोन्हींना हिरवा रंग इतका जाड चोपडला होता की खाली लोखंड आहे की लाकूड, कळू नये. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. पण गावाला कौतुक केवढं! पहिले दोन दिवस माणसं भाकरी बांधून बघायला बसली होती म्हणे.

मी तेव्हा सोलापुरात एका मिलच्या वर्कशॉपात फिटर होतो आणि सात रस्त्याच्या पलीकडं एक खोली घेऊन राहत होतो. आमचं घर लोहाराचं. गाव अक्कलकोटच्या वाटेवर, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. वडील, म्हणजे आमचे आबा, गावची लोहारकी करायचे आणि आई भाता ओढायची. आमच्या घराला गावात एकच मान होता. खंडेनवमीला मालकांच्या अंगणात नांगर, कुळव, कुऱ्हाडी, विळे सगळं मांडत, आणि त्याला पहिलं हळदकुंकू लोहार लावायचा. मालक स्वतः ताट हातात देत. लिंगायताचं सोवळं घर ते, एरवी आम्ही पायरीखाली उभे राहायचो. त्या सकाळी मात्र आबांचं बोट आधी आणि मालकांचं मागून. आबांच्या आजापासून हे चालत आलेलं. आबा आदल्या दिवशी राखेनं हात घासघासून धुवायचे, तरी ते काळेच राहायचे.

नवरात्राच्या चौथ्या माळेला मालकांचा गाडीवान माझ्या खोलीवर आला. म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्यानं यंत्र मोडलं. मालक लई तापल्यात. चला."

झालं होतं ते असं. गवत कापणारं लांब पातं जमिनीपासून चार बोटं वर राहावं म्हणून त्याच्या टोकाला एक लहान चाक असतं. ते चाक ज्यात बसतं तो लोखंडी कान एका दगडाला धडकून तडकला. मालकांनी तो आबांपुढं टाकला. आबांनी तापवून दोन ठोके घातले आणि कानाचे तीन तुकडे झाले. कुरणातलं गवत उभं, त्याला कुसळं यायला आठ-दहा दिवस. एकदा कुसळं वाळली की ते गवत म्हशीच्या घशात टोचतं, मेंढराच्या लोकरीत शिरतं, कुणाच्या कामाचं राहत नाही. मालक चारचौघांत म्हणाले होते, "खंडेनवमीच्या आत यंत्र सुरू झालं नाही, तर पूजेचं ताट दुसऱ्याच्या हातात जाईल. लोखंड मोडणाऱ्यानं लोखंड कशाला पुजायचं?"

मी पाच दिवसांची रजा काढून गेलो. जाताना वर्कशॉपातली मोजपट्टी आणि दोन कानशी घेतल्या. तोरा असा, की जणू मी बापाला विद्या शिकवायला निघालो होतो.

तुकडे पोत्यावर मांडलेले होते. मी एक उचलला आणि मोडलेली कड बघितली. करडी, भरभरीत, गुळाच्या ढेपेसारखी. बीड! ओतीव लोखंड. बिडाला ठोकलं की ते तुटतं, हे आमच्या वर्कशॉपात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक. मी भडकलो. "अहो आबा, हे बीड हाय! बीड कुणी ठोकतं व्हय?"

आबा भट्टीतली राख काढत होते. मान वर न करता म्हणाले, "बीड हाय हे मला बघताक्षणीच कळलं हुतं."

"मग ठोकलं कशाला?"

"मालक पुढ्यात हुबे हुते. चार पाव्हणे हुते. 'कर रं लोहारा' म्हणले. हितनं कुणाचं काम परत गेलं न्हाय कधी. न्हाय म्हणायला तोंड उघडंना. म्हणलं, बघू, एखांद्या येळंला वाकंल बी."

आई भात्याजवळनं म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण!"

मला हसू आलं नाही. उलट चीड आली. एक शब्द, 'येत नाही', तेवढा म्हणता आला असता तर घरातला मान घरात राहिला असता. पण बलुतेदाराच्या तोंडात तो शब्द घातलेलाच नसतो. वर्षानुवर्षं दारातलं काम घ्यायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. तिथं 'येत नाही' म्हणणारा उभा राहील कसा? हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी चीड आली.

सोलापुरात नवा कान ओतून मिळाला असता, पण साचा, ओतकाम, नंबर लागणं, सगळं धरून पंधरा दिवस. आबा म्हणाले, "ओतायचा कशाला? घडवू की." बैलगाडीच्या चाकावरची एक जुनी धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, कोपऱ्यात पडली होती. चांगलं चिवट लोखंड. मी तुकडे जुळवून मोजपट्टीनं भोकांमधलं अंतर घेतलं, कोळशानं फळीवर आकृती काढली आणि ऐटीत आबांपुढं ठेवली. त्यांनी ती पाहिली न पाहिली. कडब्याचं एक ताट, ज्वारीचं वाळकं धाट, घेतलं आणि यंत्राशी जाऊन चाकाचा आस जिथं बसतो तिथं लावून तेवढ्या मापाला नखानं मोडलं.

"आबा, मी मापलंय की."

"मोडलेलं मापलंस. तुकड्यांत फट ऱ्हाती बाबा. आन् ठोकताना कडंचा चुरा बी झडलाय. चाक कुटं बसतंय ते बघावं."

मी हट्टानं माझं माप लावून बघितलं. अर्धं बोट चुकत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी मोजपट्टीला दोष दिला.

पुढचे दोन दिवस आबांनी कान घडवला आणि मी घण मारला. लहान हातोडीनं ते जिथं टकटक करत तिथं माझा घण पडायचा. ते थांबले की मी थांबायचो. लाल लोखंडाला त्यांनी भोकं पाडली, वळण दिलं, आणि जिथं जुना कान तडकला होता तिथं बोटभर जाडी जास्त ठेवली. मी शेवटी कानस फिरवून भोकं साफ केली, एवढंच माझं. काम बघून मला आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. वर्कशॉपात माझ्या हातून इतकं नेटकं काही झालं नव्हतं.

आठव्या माळेला दुपारी आम्ही तो कान यंत्राला बसवला. मालक आले. कानाकडं बघितलं, मग आबांकडं. चेहऱ्यावर संशय. ट्रॅक्टरवाल्याला हातानंच थांबवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं? परत मोडायचं असंल तर लावूच नका. गाडीत घालून सोलापूरला धाडतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "पोरानं केलं जी. मी नुसता इस्तू घातला. मिलातलं काम हाय."

मालकांचा चेहरा उजळला. "मग लावा."

यंत्र सुरू झालं. पट्ट्यामागून पट्टा गवत आडवं पडत गेलं, चाक खड्ड्यातून वर, दगडावरून खाली. कान हलला नाही. आबा बांधावर उकिडवे बसून त्या चाकाकडं बघत होते. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आबा, खोटं कशाला?"

"माझं म्हणलो असतो तर लावलंच नसतं त्यांनी," ते म्हणाले. "चाललं न्हवं? बास."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अंगणात सगळी हत्यारं मांडलेली, शेवटी ते यंत्र, झेंडूच्या माळा घालून. आबा घासलेले हात पुढं धरून नेहमीच्या जागी उभे होते. यंत्र सुरू झालं, म्हणजे बोललेली अट पुरी झाली, असं त्यांनी धरलं होतं. मीही तेच धरलं होतं.

मालक ताट घेऊन आले आणि आबांना ओलांडून माझ्यापुढं थांबले. लहानपणी हेच मला 'ए लोहाराच्या' म्हणायचे. आता म्हणाले, "घ्या मिस्त्री. तुमच्या हातानं होऊ द्या."

एक वाक्य पुरलं असतं. 'मालक, कान आबांनी घडवलाय.' पण यंत्र पुन्हा खोलतील, आबा खोटे पडतील, चारचौघांत शोभा होईल, अशी चार कारणं मला तेवढ्या वेळात सुचली. खरं कारण निराळं होतं. त्यांनी मला मिस्त्री म्हटलं होतं, तुम्ही म्हटलं होतं, आणि ते मला आवडलं होतं. मी ताट घेतलं. आबांनी हात खाली घेतले आणि बाजूला सरून मला वाट दिली.

पुढं सात वर्षं दर खंडेनवमीला मालकांची गाडी मला न्यायला सोलापुरात येत राहिली. आबा त्या दिवशी घरातच आपल्या ऐरणीची पूजा करायचे. मला त्यांनी कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. आबा वारले त्या वर्षी मालक भेटायला आले. म्हणाले, "साधा माणूस होता तुमचा बाप. हातात कसब बेताचंच, पण पोटी तुम्ही निघालात. त्या यंत्राचा सगळा सांगाडा बदलला मी, तुमचा कान तेवढा अजून तसाच आहे."

मी म्हणालो, "व्हय मालक."