स्वयंपाकघरातल्या आवाजाचं बटण

मंडळी, आज दुपारी मी स्पीकरच्या दुकानात अडून बसले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

आमच्या घरात चार खोल्यांत स्पीकर बसवायचेत. ह्यांचं म्हणणं, सगळ्यांचा आवाज फोनवरून कमी-जास्त होईल असंच काहीतरी घेऊ. फोन अर्थात ह्यांचा.

मी म्हटलं, मला प्रत्येक खोलीत भिंतीवर फिरवायचा नॉब हवा.

दुकानदार हसला. "भाभीजी, अब नॉब कौन लगवाता है?"

मी लावते. सकाळी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करताना मी फोनला हात लावत नाही.

"तो बोल दीजिए, बोलने से भी बंद हो जाता है."

नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलतही नाही. हे म्हणाले, "अगं, मग मला खूण कर, मी बंद करतो."

तिथेच माझं डोकं फिरलं. आमच्या घराबाहेर दूधविनायकाच्या गल्लीतले हॉर्न मी ऐकून घेते, ते माझ्या हातात नाहीत. पण माझ्याच स्वयंपाकघरात ह्यांच्या बातम्यांचा आरडाओरडा थांबवायला तव्यावरची पोळी सोडून खुणा करत फिरू? लाईटचं बटण सोवळ्यात चालतं, तसा नॉबही चालेल.

शेवटी चारही खोल्यांसाठी नॉब घेऊन आलो. वाटेत हे म्हणाले, "मग माझ्या फोनवरून काहीच होणार नाही?"

होईल की. हवं ते लावा. किती मोठ्यानं वाजायचं, ते त्या खोलीत बसलेलं माणूस ठरवेल.

तुमच्याकडे कोण ठरवतं?