फुटक्या बश्यांची कोंबडी

शकू गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "हातातलं काम पुरं झालं होतं का गं?" मुलगी रडता रडता हसली. तिची आई अशीच होती, माणसाआधी कामाची चौकशी करणारी. महिना होत आला. शाळेपासूनच्या या मैत्रिणीवर हळवं काही लिहायला बसावं, तर मला ती कोंबडीच आठवते आणि हसू येतं...

राजूरच्या पुढं, डोंगरातल्या आमच्या गावाच्या जीपथांब्यावर शकूनं पुरुषभर उंचीची कोंबडी उभी केली. आत सळया आणि जाळी, वर सिमेंट, त्यात बसवलेले कपबश्यांचे, बांगड्यांचे, फरश्यांचे तुकडे. शहरातल्या प्रदर्शनांत नाव कमावलेली ही बाई माहेरी येऊन उन्हात पक्कडीनं बश्या तोडत बसायची. गाव मात्र बिथरलं. फुटकी काच घरात ठेवणंही आमच्याकडे अशुभ, आणि ही तर ती रस्त्यात मांडत होती. शेवटी तिचे चुलते, नाना, गावाच्या वतीनं आले. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत हे काढ, नाहीतर आम्ही काढू, असं त्यांनी बजावलं.

"फुटकं उकिरड्यावर टाकायचं आसतं, शके."

"तिथनंच आणलंय, नाना," शकू म्हणाली आणि तिनं पुढचा तुकडा बसवला.

मला धास्ती, की हिची वर्षभराची मेहनत आता घणाखाली जाणार. बाजाराच्या दिवशी राजूरला निघालेल्या बायका थांब्यावर जमल्या. त्यांतल्या ठकूबाईनं पाटीतून लोणच्याच्या बरणीचं फुटकं झाकण काढलं. बरणी तिच्या आईची. झाकण टाकवत नव्हतं आणि ठेवायची चोरी. "हितं बसंल का गं?" तिनं विचारलं. शकूनं ते कोंबडीच्या छातीवर मधोमध बसवलं. ते पाहून बाकीच्या बायका घराकडं वळल्या आणि माळ्यावर दडवलेलं काय काय घेऊन आल्या. दोन जीपा रिकाम्या गेल्या. नाना घण घेऊन पोचले, तेव्हा त्यांच्याच बायकोची बशी कोंबडीच्या पंखात बसली होती. नाना आले तसे घण घेऊन परत गेले. त्या कोंबडीइतकी ताठ मान मी कुठल्या राजाच्या पुतळ्याचीही पाहिलेली नाही.

परवा शकूचा चहाचा कप घेऊन मी तिथं गेले. तिच्या मुलीनं दिलेला, धडधाकट, साधा टवकाही न उडालेला. ठकूबाईनं सिमेंट कालवून ठेवलं होतं. माझा हात काही उठेना...

"फोडा बाई," ती म्हणाली. "सबंध हितं बसत न्हाई."

मी कप दगडावर आपटला. शेपटीपाशी जागा होती. जीपची वाट पाहणारी माणसं उठून उभी राहिली, आणि आम्ही दोघींनी मिळून शकूला बसवलं.