एकत्र की विभक्त?

समाजशास्त्र शिकवणाऱ्याच्या घरी पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठतात. पुस्तकं निदान रद्दीत देता येतात, किस्से कोण घेणार? आता आम्ही जुने मास्तर गंगापूर रोडला कुणाच्या तरी गॅलरीत जमतो, चहा होतो आणि कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते सर्व्हेचे किस्से होऊन जाऊ द्या!" सगळ्यांना पाठ आहेत, तरी सांगायला लावतात.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. नाशिकच्या एका कॉलेजात आमचा तिघांचा विभाग. प्रमुख कुलकर्णी सर, शिंदे सर आणि मी. 'बदलती कुटुंबव्यवस्था' हा भाग आला की आम्ही पोरांना घरोघरी प्रश्न विचारायला पाठवायचो. आणि दरवर्षी फजिती ठरलेली!

* * *

आमची विद्यार्थिनी लता पगारे सातपूरच्या एका कामगार कॉलनीत गेली. सेकंड शिफ्टला निघालेला एक फिटर दारात सायकल पुसत होता.

"काका, तुमचं कुटुंब केवढं आहे?"

जुन्या वळणाच्या माणसाच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको, हे लताच्या ध्यानातच आलं नाही. फिटर लाजला. मग त्यानं हात खांद्यापाशी नेला.

"एवढं असंल. खांद्याला लागतं माझ्या."

आतून आवाज आला, "चप्पल घातली तर कानाला!"

* * *

नवरा, बायको आणि मुलं एवढंच घर असेल तर पुस्तकात त्याला 'विभक्त कुटुंब' म्हणतात. पुस्तकात हा शब्द अगदी गरीब असतो. दारात उभं राहून उच्चारला की पेटतो.

पुढच्याच घरात लतानं विचारलं, "मावशी, तुमचं कुटुंब विभक्त ना?"

मावशींचा चेहराच बदलला. "कोण म्हणलं? माझ्या जावेनं सांगितलं का? आम्ही काय भांडून नाय आलो! ह्यांचा कंपनीत नंबर लागला म्हणून आलो!"

लता घाबरली. सारवासारव करत म्हणाली, "तसं नाही हो मावशी, म्हणजे चूल वेगळी ना?"

झालं! मावशींनी दार लावून घेतलं.

* * *

कुलकर्णी सर लोकसंख्येवर बोलायला लागले की घाम पुसायलाही थांबायचे नाहीत. दोनच मुलं, तिसरं नको, हे ते टेबलावर हात आपटून सांगायचे. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, तुम्ही घरात कितवे?"

"सातवा."



"सर, म्हणजे तुमच्या आईवडिलांनी दोनवर थांबवलं असतं तर..."

"तर तुमचा हा तास ऑफ असता!"

* * *

लताच्या घरी आजी, आईवडील, दोन काका, काकू आणि पोरं. सगळे दोन खोल्यांत. मी तिला वर्गात विचारलं, "मग तुझं कुटुंब कुठल्या प्रकारात बसतं?"

"एकत्र, मॅडम. पण फक्त वीकली ऑफला."

"म्हणजे?"

"बाबा फर्स्ट शिफ्टला, एक काका सेकंडला, धाकटा नाईटला. एरवी एकजण जेवतो तेव्हा एकजण झोपलेला असतो!"

* * *

शिंदे सर मात्र या विषयावर हसेनासे झाले होते. ते घोटीजवळच्या खेड्यातले. आई गेलेली. वडील, म्हणजे आबा, गावी एकटे राहून भातशेती बघायचे. सर बायको-मुलीला घेऊन नाशिकला. शिकवताना ते बिनधास्त स्वतःचंच उदाहरण द्यायचे, "आता माझंच बघा, माझं कुटुंब विभक्त."

एका वर्षी त्यांच्याच गावचा एक विद्यार्थी वर्गात होता. त्यानं सुट्टीत हे वाक्य पारावर जसंच्या तसं सांगितलं. आणि पारावर त्याचा अर्थ एकच होतो, पोरगा बापाला सोडून वेगळा निघाला!

दरवर्षी नवा तांदूळ घेऊन आबा स्वतः नाशिकला यायचे. त्या वर्षी तांदूळ शेजाऱ्याबरोबर आला.

"मॅडम, तांदूळ आला, आबा नाही आले," सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "ते रागावलेत."

"अहो, जाऊन सांगा ना, तो पुस्तकातला शब्द आहे."

"बापाला व्याख्या सांगू?"

मला फार वाईट वाटलं. एवढा चांगला माणूस, चार महिने गावाकडे फिरकायची हिंमत करत नव्हता.

* * *

त्या वर्षीचा खेड्यातला सर्व्हे मी मुद्दाम त्यांच्याच गावी ठेवला. पोरांनी घरं वाटून घेतली आणि आबांचं घर नेमकं लताच्या वाट्याला आलं. मी आणि सर तिच्या मागोमाग गेलो.

आबा ओसरीवर बसलेले. सरांकडे बघून म्हणाले, "बस. भात काढल्यापास्नं माझं गुडघं धरलेत, उठवत नाय."

सर उभेच राहिले.

लतानं सुरुवात केली. "आबा, घरात माणसं किती?"

"चार."

लतानं दारातून आत पाहिलं. आत कोणी नव्हतं. "चार?"

"मी, ह्यो मास्तर, सून आन् नात."

पुढचा प्रश्न लताला ठाऊक होता, त्याचा परिणामही ठाऊक होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

"आबा... मग एकत्र की विभक्त?"

सर अंगणाकडे बघायला लागले.

"एकत्र."

"पण आबा, सर तर नाशिकला राहतात."

"मंग? मधी यष्टी लागती, एवढंच!"