दहा मीटरवरची बडबड

शूटिंग रेंजवर बोलायला बंदी असते. कोणी नेम धरून उभं असेल तर शिंकसुद्धा नाकातल्या नाकात दाबायची. आता चार मुंबईकर एका हॉलमध्ये एवढा वेळ गप्प ठेवलेत तर काय होणार? सगळं पोटात साचतं आणि बाहेर चहाच्या टपरीवर आलो की धरण फुटतं! घाटकोपरच्या आमच्या छोट्याशा रायफल क्लबचे निम्मे किस्से त्या टपरीवर जन्मले, उरलेले निम्मे तिथे वाढवून सांगितले गेले. मी वाढवत नाही हं. फारसं.

*

आमचे कोच सावंत सर, मूळचे मालवणचे. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी इतिहास!

"पूर्वी जागतिक स्पर्धांत सैनिकांच्या रायफली वापरायचे. मोठी काडतुसं, अंतर तीनशे मीटर, खांदा सुजून भोपळा! मग आली छोटी पॉइंट टू-टू, पन्नास मीटर. आणि आता ही आपली एअर रायफल. दारू नाय, धूर नाय, नुसती हवा. अंतर दहा मीटर."

एका मुलीच्या वडिलांनी काळजीच्या सुरात विचारलं, "सर, तीनशेचे पन्नास, पन्नासचे दहा. माणसाची नजर कमी होत चाललीय का?"

"नजर नाय हो, जागा!" सर म्हणाले. "इथे तीनशे मीटर मोकळे दिसले की लगेच टॉवर उभा राहता!"

*

नीलिमा ही माझी रेंजवरची शेजारीण. शाळेत गणित शिकवते, राहते मुलुंडला. एअर रायफलचे छर्रे तुम्ही पाहिलेत का? शिशाचे, एवढेएवढेसे. पुढून चपटे, म्हणजे कागदाला कसं स्वच्छ गोल भोक पडतं. कमरेत बारीक आणि मागे घेरदार. ते नीलिमाच्या जॅकेटच्या खिशातून घरभर सांडायचे.

एक दिवस सासूबाईंनी तिच्या हातात एक डबी ठेवली. "नीलू, तुझ्या कानातल्यांच्या फिरक्या जिथे तिथे पडतात गं. सगळ्या वेचून ठेवल्यात."

नीलिमानं डबी उघडली आणि तिला हसू आवरेना. सासूबाई मात्र गंभीर. "हसतेस काय? एवढी कानातली आहेत तुझ्याकडे, मग प्रत्येक लग्नाला तेच मोती कशाला घालतेस?"

*

हा माझा स्वतःचा. क्लबमधून निघाले, पाठीवर रायफलची लांबलचक बॅग. रिक्षावाल्यांचं तुम्हाला माहीतच आहे. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं तीही हलवली नाही. तिसरा थांबला, बॅगेकडे बघून म्हणाला, "कीबोर्ड है क्या मॅडम? डिक्की में नहीं बैठेगा."

"रायफल आहे," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा एकदा बॅगेकडे पाहिलं. मग मीटर खाली. "बैठो ना मॅडम! जहाँ बोलोगे वहाँ!"

*

देसाई काका बँकेतून रिटायर झालेले, आमच्यातले सर्वांत सीनियर. ते पॉइंट टू-टूसुद्धा मारतात. त्या काडतुसांची एक गंमत आहे. कंपनी तीच, नाव तेच, पण प्रत्येक लॉटचा स्वभाव वेगळा! कुठल्या नळीला कुठला लॉट मानवेल, काही सांगता येत नाही. म्हणून रायफल घट्ट आवळून बसवायची, एकेका लॉटच्या गोळ्या झाडायच्या आणि कुठल्या गोळ्या एकाच भोकात जातात ते बघायचं.

अशी टेस्टिंग करून आलेले काका सोसायटीच्या बाकावर बसून सरांना फोनवर सांगत होते, "सगळ्या बघून झाल्या हो. पहिली दिसायला बरी, पण फार पसरते. दुसरीचा भरवसा नाही, आज इथे तर उद्या तिथे! पण ती जर्मन! एकदम झकास! तीच घेऊन टाकतो."

मागून कुलकर्णी वहिनी येत होत्या. काकांचा मुलगा लग्नाचा, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. संध्याकाळी वहिनी पेढे घेऊन काकूंकडे हजर! "अभिनंदन! जर्मन तर जर्मन. पण सुनेच्या खाण्यापिण्याचं कसं जमणार हो?"

काकूंनी इतकी वर्षं नेमबाजाशी संसार केलाय. त्यांना एका क्षणात उलगडा झाला. चेहरा सरळ ठेवून म्हणाल्या, "तिचं काही नाही हो. कोरड्या जागी कुलपात ठेवली की झालं!"

*

आता हा शेवटचा. नीलिमाची राज्याच्या टीमसाठी निवड चाचणी होती. आधी दोनदा थोडक्यात हुकलेली. या वेळी नाही जमलं तर सोडून देईन, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. चाचणी सुरू झाली, छान चालली होती आणि अचानक फुस्स! तिच्या रायफलच्या सिलिंडरचं सील गेलं. सगळी हवा बाहेर.

नीलिमा पांढरीफटक. "सर, वाट लागली!"

"अगो, हवा गेली तर गेली," सर म्हणाले. "हात खंय गेले तुझे?"

रायफल बदलायची परवानगी मिळाली, पण दुसरी आणायची कुठून? देसाई काका सकाळीच सीनियर गटात खेळून बसले होते. त्यांनी आपली एअर रायफल पुढे केली. जुन्या पद्धतीची. सिलिंडर नाही, आत स्प्रिंग. प्रत्येक गोळीला बाजूचा दांडा जोर लावून ओढायचा. काकांची निवड या रायफलवर वर्षानुवर्षं हुकत आलेली आणि दर वेळी टपरीवर त्यांचं एकच वाक्य, "माणूस बरोबर आहे हो, रायफल म्हातारी झालीय!"

नीलिमानं सरावाच्या गोळ्या मारल्या, साइट जुळवली आणि सुरुवात केली. खट्याक! सगळ्यांच्या आधुनिक रायफलींचा आवाज म्हणजे चुटकी, आणि ही प्रत्येक गोळीला खट्याक! शेजारच्या मुलीनं हात वर करून तक्रार केली. पांढऱ्या मिशांचे एक अधिकारी आले, नीलिमाच्या मागे उभे राहिले. एक खट्याक ऐकला, दुसरा ऐकला.

"नियमात बसतंय," ते हळूच म्हणाले. आणि तिथून हललेच नाहीत. शेवटच्या गोळीपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले.

निकाल लागला. नीलिमा टीममध्ये! शेवटच्या जागेवर, पण टीममध्ये! ती रडतेय, मी ओरडतेय, सर तिच्या सासूबाईंना फोन लावतायत. फक्त देसाई काका कोपऱ्यात. रायफल मांडीवर घेऊन त्या रायफलकडेच टक लावून बसलेले.

सरांनी खांद्यावर हात ठेवला. "काय ओ काका, खूश नाय?"

काकांनी मान वर केली.

"खूश आहे हो. पण म्हणजे... ही बरोबर होती?"